तीन पेन्सिल सेलांवर वर्षानुवर्षं: मायक्रोकंट्रोलरचा करंट जातो कुठे आणि वाचवायचा कसा

कांदाचाळीत ढीग आतून तापायला लागला की काहीतरी बिघडतंय अशी शंका घ्यायची असते, आणि ते बाहेरून हात लावून कळत नाही. त्यासाठी घरच्या घरी एक छोटा नोंदक बनवता येतो. आर्डुइनो प्रो मिनी, म्हणजे ३.३ व्होल्ट आणि ८ मेगाहर्ट्झवाला बोर्ड. स्टीलच्या नळीत बसवलेला डीएस१८बी२० तापमापक. एनआरएफ२४एल०१+ हा स्वस्तातला रेडिओ. आणि तीन पेन्सिल सेल. दर १५ मिनिटांनी तापमान घ्यायचं, घरातल्या रिसीव्हरला पाठवायचं, एवढंच काम.

टेबलावर यूएसबीची वायर लावलेली असते तोवर हे सगळं झकास चालतं. वायर काढून सेल लावले आणि चाळीत टांगलं की पंधरवड्यात सेल बसतात. मग बहुतेक जण मोठी बॅटरी शोधायला निघतात. तिथेच थांबा. या नोंदकातली एटीमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप १.८ व्होल्टवर, सगळं बंद करून झोपली की जेमतेम ०.१ मायक्रोअँप घेते असं तिची डेटाशीट सांगते. सेल संपवणारे बहुतेक वेळा चिपच्या शेजारीपाजारी बसलेले असतात, आणि ते एकेक करून पकडावे लागतात.

हा लेख त्या पकडापकडीचा आहे. आर्डुइनोवर प्रोग्रॅम चढवता येतो आणि सोल्डरिंग आयर्न धरता येतं, एवढं तुम्हाला येत असेल असं मी धरलंय.

पायरी १: वही काढा

आधी एककं. १ मिलिअँप म्हणजे १००० मायक्रोअँप. सेलची क्षमता एमएएचमध्ये सांगतात: १ एमएएच म्हणजे १ मिलिअँप करंट एक तासभर. चांगला अल्कलाइन पेन्सिल सेल हलक्या लोडवर २००० ते २५०० एमएएच देतो. आपण २००० धरू. तीन सेल एकापुढे एक जोडले की व्होल्टेज तिप्पट होतं, क्षमता तेवढीच राहते. इथे ६००० धरलं की पुढचा सगळा हिशेब कोसळतो.

आता नोंदकाचा दिवस दोन भागांत मांडायचा, जागेपणी आणि झोपेत. १५ मिनिटांतून एकदा म्हणजे दिवसाला ९६ वेळा जाग. प्रत्येक वेळी साधारण १ सेकंद आणि सरासरी ६ मिलिअँप धरू. ९६ गुणिले ६ म्हणजे ५७६ मिलिअँप-सेकंद. ३६०० ने भागलं की दिवसाला ०.१६ एमएएच. हा झाला प्रत्यक्ष कामाचा खर्च.

उरलेले जवळजवळ २४ तास झोपेचे. झोपेतला करंट गुणिले २४ केलं की दिवसाचा आकडा मिळतो. आता पाहा:

प्रोग्रॅममध्ये झोप घातलीच नाही, नुसतं डिले वापरलं, तर चिप आणि बोर्डावरचा दिवा मिळून ५.५ मिलिअँपच्या आसपास. दिवसाला १३२ एमएएच. सेल पंधरा दिवसांत खल्लास.

चिप झोपवली, पण बोर्ड बाजारातून आणला तसाच ठेवला: साधारण १.५ मिलिअँप, दिवसाला ३६ एमएएच. ५५ दिवस.

बोर्डावरचा दिवा काढला: सुमारे ०.१ मिलिअँप, दिवसाला २.४ एमएएच. दोन वर्षांपेक्षा थोडं जास्त.

रेग्युलेटरही (सेलचं व्होल्टेज ३.३वर आणून ठेवणारा भाग) बदलला, पिना नीट लावल्या: साडेसात मायक्रोअँप, दिवसाला ०.१८ एमएएच. कामाचा ०.१६ मिळवला तरी ०.३४. कागदावर हे १६ वर्षं होतं. तेवढी वर्षं सेल स्वतःच टिकणार नाही, म्हणजे तुमचं काम झालं.

पंधरा दिवसांपासून १६ वर्षांपर्यंत आलो, आणि कामाचा ०.१६ हा आकडा कुठेही हलला नाही. म्हणून प्रोग्रॅम अर्धा सेकंद लवकर संपवायच्या मागे आधी लागू नका. तुमच्या उपकरणात दोनपैकी कुठली बाजू जड आहे ते वहीत पाहा आणि त्याच बाजूला हात घाला. वाय-फायवाल्या उपकरणात हाच हिशेब उलटा होतो. त्याकडे शेवटी येऊ.

पायरी २: मोजा, पण मीटरच्या नादाने फसू नका

पिवळा डीटी-८३० मल्टिमीटर सगळ्यांकडे असतो आणि या कामाला तो पुरतो, फक्त त्याची खोड माहीत हवी. करंट मोजताना मीटर सर्किटच्या मधोमध एक रेझिस्टर घालतो. या मीटरच्या २००० मायक्रोअँपच्या रेंजवर तो १०० ओहमचा असतो. नोंदक झोपेत असेल, ७ मायक्रोअँप घेत असेल, तर मीटरवर ०.७ मिलिव्होल्ट पडतात. काही बिघडत नाही. पण तो जागा झाला, १५ मिलिअँप मागितले, की त्याच १०० ओहमवर दीड व्होल्ट पडतो. चिपला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, ती रीसेट होते, पुन्हा उठायचा प्रयत्न करते, पुन्हा पडते. पडद्यावर आकडे नाचत राहतात आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

यावर दोन सोपे उपाय आहेत. एक म्हणजे मीटरच्या दोन टोकांवर आडवी एक वायर किंवा छोटा स्विच लावा. चालू करताना स्विच दाबलेला ठेवा, म्हणजे करंट मीटरला वळसा घालून जाईल. नोंदक झोपला की स्विच सोडा आणि आकडा वाचा. पुन्हा जाग येण्याआधी स्विच दाबा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: स्विचच्या जागी १एन५८१९ सारखा शॉट्की डायोड, ॲनोड सेलच्या बाजूला. झोपेत मीटरवर एवढं कमी व्होल्टेज असतं की डायोड जवळजवळ बंदच राहतो. जाग आली की ०.३ व्होल्टच्या आसपास तो वाहायला लागतो आणि चिपला वाचवतो. जागेपणीचा आकडा मीटरवर खोटा दिसेल, पण झोपेतला खरा मिळेल.

मोजण्याआधी प्रोग्रॅम चढवायचा यूएसबी-सिरियल अडॅप्टर काढून टाका. नुसता ऑफ नाही, पिनांमधून उपसून. त्याच्या टीएक्स पिनेतून बोर्डाला चोरवाटेने वीज मिळत राहते. मग मीटर शून्याच्या जवळ काहीतरी दाखवतो आणि आपण उगाच खूश होतो.

जागेपणीचा करंट पाहायचा असेल तर सेलच्या मायनसमध्ये १० ओहमचा रेझिस्टर घालून त्यावरचं व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर बघा. १५ मिलिअँपला १५० मिलिव्होल्ट दिसतील. हे काम सारखं करणार असाल तर नॉर्डिक कंपनीचं पॉवर प्रोफायलर किट २ घेण्यासारखं आहे. मायक्रोअँपच्या खालपासून १ अँपिअरपर्यंत ते एकाच आलेखात दाखवतं. एखाद-दुसऱ्या उपकरणासाठी एवढा खर्च करायची गरज नाही.

पायरी ३: बोर्डावर शस्त्रक्रिया

प्रो मिनीवर एक दिवा कायम पेटलेला असतो, पॉवरचा. आपल्या उदाहरणात सगळ्यात मोठा खादाड तोच. बारीक टोकाच्या आयर्नने त्याची दोन्ही टोकं आलटून पालटून तापवा, तो निघून येतो. हात थरथरत असेल तर त्याच्या शेजारचा बारका रेझिस्टर काढला तरी चालतं. १३ नंबर पिनेवरचा दिवा राहू द्या. ती पिन खाली, म्हणजे शून्य व्होल्टवर (लो), ठेवली की तो काही खात नाही. फक्त हीच पिन रेडिओच्या क्लॉकसाठीही वापरली जाते, त्यामुळे झोपताना ती वर राहिली नाही ना, एवढं बघा.

दुसरा खादाड म्हणजे रेग्युलेटर. रेग्युलेटरला स्वतःला जिवंत राहायला करंट लागतो, समोर लोड असो वा नसो. एएमएस१११७ हा सगळीकडे दिसणारा तीन पायांचा रेग्युलेटर एकटाच ५ मिलिअँपच्या आसपास घेतो. दिवसाला १२० एमएएच, काहीही न करता. टेबलावरच्या कामाला तो उत्तम आहे, सेलवरच्या उपकरणात त्याला जागा नाही. त्याऐवजी एमसीपी१७०० घ्या. त्याचा स्वतःचा खर्च १.६ मायक्रोअँप आहे. इनपुटला ६ व्होल्टच्या वर मात्र त्याला सोसत नाही. तीन ताजे सेल ४.८ व्होल्टच्या आत असतात, म्हणजे आपण सुरक्षित आहोत. ९ किंवा १२ व्होल्टवरून यायचं असेल तर एचटी७३३३ पाहा, तोही काही मायक्रोअँपमध्ये भागवतो. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर नुसतं '३.३ व्होल्टचा रेग्युलेटर द्या' म्हणू नका, नंबर सांगा. नंबर नाही सांगितला तर बहुतेक १११७च हातात पडेल.

एमसीपी१७००चं आउटपुट बोर्डाच्या व्हीसीसी पिनेला (थेट चिपचा पुरवठा) द्या, रॉ पिनेला (मूळ रेग्युलेटरचं इनपुट) नाही. बोर्डावरचा मूळ रेग्युलेटर मात्र काढून टाका. तो वापरात नसला तरी आउटपुटच्या बाजूने थोडा करंट आत ओढतच राहतो.

रेग्युलेटर अजिबात नको असेल तर? दोन सेल थेट व्हीसीसीला जोडता येतात आणि मला स्वतःला हीच मांडणी सगळ्यात देखणी वाटते. पण मग प्रत्येक भाग खालच्या व्होल्टेजला चालला पाहिजे. रेडिओ १.९ व्होल्टपर्यंत चालतो. डीएस१८बी२०ला मात्र किमान ३ व्होल्ट लागतात, म्हणून या नोंदकात ते जमत नाही. दुसरा एखादा तापमापक घेऊन दोन सेलांवर जाणार असाल तर ब्राउन-आउट डिटेक्टरकडे, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की चिप थांबवणाऱ्या भागाकडे, बघा. ३.३ व्होल्टच्या प्रो मिनीवर तो २.७ला लावलेला असतो. दोन सेल मिळून २.७ व्होल्टला आले की चिप थांबते, आणि सेलात बराच माल शिल्लक असताना तुम्ही ते फेकून देता. चिपचे फ्यूज, म्हणजे तिच्या आत कायम राहणारी सेटिंग, बदलून तो १.८ला आणा. मग क्लॉकही उतरवावा लागतो: १.८ व्होल्टला ही चिप ४ मेगाहर्ट्झपर्यंतच भरवशाची, १० मेगाहर्ट्झ हवे असतील तर २.७ व्होल्ट लागतात. तापमान मोजायला १ मेगाहर्ट्झही पुष्कळ झाला.

पायरी ४: नीट झोपवा

स्लीप मोड अनेक आहेत. नवख्याने एकच लक्षात ठेवावा: पॉवर-डाउन. त्यात मुख्य क्लॉक थांबतो, मेमरीतलं सगळं शाबूत राहतं. लो-पॉवर नावाची तयार लायब्ररी एका ओळीत हे करते, ती वापरायला हरकत नाही. मात्र आत काय घडतं ते माहीत असू द्या, कारण तीन गोष्टी सुटून जातात.

पहिली, एडीसी, म्हणजे पिनेवरच्या व्होल्टेजचा आकडा करणारा चिपमधला भाग. चिप झोपली तरी एडीसी आपोआप बंद होत नाही, आणि तो दोन-तीनशे मायक्रोअँप आरामात खातो. झोपण्याआधी एडीसीएसआरए रजिस्टर शून्य करा, उठल्यावर पूर्ववत करा. दुसरी, ब्राउन-आउट डिटेक्टर. जागेपणी तो हवाच, पण झोपेत त्याचे २० मायक्रोअँप वाया जातात. ३२८पीमध्ये झोपेपुरता तो बंद करता येतो. नावात शेवटी पी नसलेल्या ३२८ला ही सोय नाही. चिप विकत घेताना छापलेलं अक्षर वाचा. तिसरी गोष्ट वॉचडॉग. आपल्याला उठवणारं घड्याळ तेच आहे आणि ३ व्होल्टला त्याचा खर्च चार-साडेचार मायक्रोअँप. तो द्यावाच लागतो.

वॉचडॉग जास्तीत जास्त ८ सेकंदच झोपू देतो. १५ मिनिटांसाठी ११२ वेळा उठायचं, मोजणी एकाने वाढवायची आणि परत झोपायचं; ८९६ सेकंद होतात. प्रत्येक जाग इतकी छोटी असते की हिशेबात धरायची गरज नाही. हे घड्याळ अचूक नाही, तापमान आणि व्होल्टेजप्रमाणे पाच-दहा टक्के इकडेतिकडे जातं. चाळीच्या तापमानाला १५ मिनिटांऐवजी १६ झाली तर कांदा रागावत नाही. नेमकी वेळ हवीच असेल तर वेळ रिसीव्हरने लिहून ठेवावी.

आणखी एक वाट आहे. टीपीएल५११० ही चिमुकली टायमर चिप ३५ नॅनोअँपवर चालते आणि ठरलेल्या वेळाने, अगदी दोन तासांपर्यंत, सगळ्या सर्किटची वीजच तोडते-जोडते. ऐकायला छान आहे. पण दर वेळी चिप शून्यातून सुरू होते आणि आर्डुइनोचा बूटलोडर नवा प्रोग्रॅम येतोय का म्हणून सेकंदभर वाट पाहतो, पूर्ण करंट घेत. ही वाट धरायची तर बूटलोडर काढून आयएसपीने, म्हणजे वेगळ्या प्रोग्रॅमरने थेट चिपवर, प्रोग्रॅम चढवा.

पायरी ५: पिना, पुल-अप आणि चोरवाटा

इथे वेळ घालवा. झोपेतला करंट पाच-दहाऐवजी ऐंशी किंवा सातशे मायक्रोअँप दिसत असेल तर उत्तर जवळजवळ नेहमी या पायरीत सापडतं.

न वापरलेली पिन इनपुट म्हणून मोकळी सोडली तर तिच्यावरचं व्होल्टेज अधांतरी राहतं. ते मध्येच कुठेतरी रेंगाळलं की आतले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतात आणि करंट सरळ प्लसकडून मायनसकडे जातो. बोट जवळ नेलं की मीटरचा आकडा बदलतो, ही याची खूण. अशा पिनांना इनपुट-पुलअप करा (पुल-अप म्हणजे पिनेला प्लसकडे ओढून धरणारा रेझिस्टर) किंवा आउटपुट करून खाली ठेवा.

पुल-अपचं गणित प्रत्येकाने एकदा हाताने करावं. समजा चाळीच्या दारावर रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जोडला जाणारा स्विच, लावलाय, दार बंद असताना तो जोडलेला असतो. चिपच्या आतला पुल-अप २० ते ५० किलोओहम. मधला ३५ धरा. ३.३ भागिले ३५ हजार म्हणजे ९४ मायक्रोअँप. दार दिवसभर बंदच असतं, म्हणजे हा करंट दिवसभर वाहतो आणि एकटा स्विच आपल्या अख्ख्या नोंदकाच्या बारापट खातो. आतला पुल-अप बंद करून बाहेरून १ मेगाओहम लावा, खर्च ३.३ मायक्रोअँपवर येतो. किंवा स्विच उलट्या प्रकारचा घ्या, जो दार बंद असताना तुटलेला राहील.

तापमापकाच्या डेटा वायरवर ४.७ किलोओहमचा पुल-अप लागतोच. काम झाल्यावर ती पिन आउटपुट आणि खाली अशा अवस्थेत राहिली तर ०.७ मिलिअँप सतत जातात. झोपण्याआधी ती इनपुट करा. डीएस१८बी२० स्वतः मात्र गुणी आहे, रिकामा असताना १ मायक्रोअँपच्या आत भागवतो. त्याची वीज तोडायच्या भानगडीत पडू नका.

सगळे सेन्सर इतके गुणी नसतात. काही सतत मिलिअँपमध्ये खातात. त्यांची वीज चिपच्या एखाद्या पिनेवरूनच द्या. १०-१५ मिलिअँपपर्यंत ते चालतं, त्यावर पी-चॅनेल मॉसफेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) लावा. आणि वीज तोडली म्हणजे संपलं असं समजू नका. डेटाची वायर वरच राहिली तर करंट तिच्यातून सेन्सरच्या आतल्या संरक्षक डायोडमधून मागच्या दाराने शिरतो आणि सेन्सर अर्धमेला जिवंत राहतो. वीज तोडण्याआधी त्याच्या सगळ्या डेटा पिना खाली आणायच्या, आणि पुल-अप मुख्य पुरवठ्याला न लावता त्याच तोडायच्या पिनेला लावायचे.

रेडिओलाही सांगावं लागतं. एनआरएफ२४ला पॉवर-डाउन म्हटलं तर ०.९ मायक्रोअँप. नुसतं स्टँडबायमध्ये सोडलं तर २६. आणि ऐकण्याच्या मोडमध्ये विसरलात तर १३.५ मिलिअँप, म्हणजे सहा दिवसांत सेल रिकामे.

सेलचं व्होल्टेज मोजायला लोक दोन १० किलोओहमचे रेझिस्टर जोडतात. ४.५ व्होल्टला हे जोडपं २२५ मायक्रोअँप खातं, रात्रंदिवस. त्याजागी १-१ मेगाओहमचे लावा आणि मधल्या बिंदूपासून मायनसला १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर द्या. एडीसीला १० किलोओहमपेक्षा जास्त अडथळा आवडत नाही. कॅपॅसिटर त्या क्षणापुरता माल पुरवतो. थेट सेलवर चालणाऱ्या उपकरणात तर हेही नको: आतला १.१ व्होल्टचा संदर्भ पुरवठ्याशी ताडून चिप स्वतःचं व्होल्टेज काढू शकते, एकही भाग न लावता.

कॅपॅसिटरवरून आठवलं. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर झिरपतात. डेटाशीटमधली नेहमीची कमाल मर्यादा क्षमता गुणिले व्होल्टेज गुणिले ०.०१ अशी असते. १०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्टला ६.३ मायक्रोअँप. प्रत्यक्षात झिरपणं यापेक्षा बरंच कमी असतं, पण गठ्ठ्याने मोठे कॅपॅसिटर लावताना हे ध्यानात असू द्या. दमट हवेत सोल्डरचा फ्लक्सही असाच झिरपा तयार करतो. शेवटी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून घ्या.

पायरी ६: जागेपण आखडतं घ्या

आपल्या नोंदकाला याची गरज फारशी नाही हे पायरी १मध्ये दिसलंच. तरी एक गोष्ट करण्यासारखी आहे. डीएस१८बी२० पूर्ण १२ बिटांत तापमान काढायला ७५० मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ चिप जागी ठेवून वाट बघण्यात दिवसाला ०.१ एमएएच जातात. मोजायला सांगा, चिपला वॉचडॉगवर एक सेकंद झोपवा, उठून उत्तर घ्या: खर्च ०.०२वर येतो. किंवा ९ बिटांत मोजा. ९४ मिलिसेकंद लागतात आणि अर्ध्या अंशाच्या पायऱ्यांत उत्तर मिळतं. ढीग तापतोय का एवढंच पाहायचंय, तेव्हा अर्धा अंश पुरेसा आहे.

सिरियलवर छापायच्या ओळीही काढा. ९६०० बॉडला एक अक्षर एक मिलिसेकंद घेतं. साठ अक्षरांची ओळ म्हणजे साठ मिलिसेकंद जागरण, वाचायला कोणी नसताना.

क्लॉक हळू केला की करंट कमी होतो हे खरं, पण कामही तेवढंच लांबतं, त्यामुळे मोठा फायदा होत नाही. व्होल्टेज उतरवलं तर होतो, कारण खर्च व्होल्टेजच्या वर्गाने घटतो.

पायरी ७: सेल कोणता

साधे झिंक-कार्बन सेल स्वस्त पडतात आणि गळतात. वर्षभर न उघडायच्या डब्यात अल्कलाइनच घाला, आणि कागदावर १६ वर्षं आली तरी दोन-तीन वर्षांनी बदला. अल्कलाइनही जुना झाला की पाझरतो.

सीआर२०३२ हा बटण सेल २२० एमएएचचा, पण त्याची खरी अडचण क्षमता नाही. त्याचा आतला अडथळा मोठा असतो, उतरत्या वयात आणखी वाढतो. रेडिओने १२ मिलिअँप मागितले की व्होल्टेज खाली बसतं आणि चिप रीसेट होते. रेडिओच्या पायांशी १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला तर तो झटका निभावतो.

लिथियम-आयनचा १८६५० घ्यायचा तर त्यावर छापलेल्या आकड्याकडे संशयाने बघा. ९९०० एमएएच लिहिलेले सेल सर्रास विकले जातात. या आकाराचे चांगल्यात चांगले सेल ३५०० च्या आसपास असतात. काट्यावर ठेवा: खरा सेल ४५ ग्रॅमच्या जवळपास भरतो, फारच हलका लागला तर परत करा. ३.३ व्होल्टच्या सर्किटला लिथियम-आयर्न-फॉस्फेट हा प्रकार जास्त सोयीचा, कारण तो ३.२ व्होल्टचा असल्याने रेग्युलेटर टाळता येतो.

वाय-फाय किंवा लोरा असेल तर

वाय-फायवाला मायक्रोकंट्रोलर ईएसपी८२६६ गाढ झोपेत २० मायक्रोअँप घेतो, हे ठीकच आहे. पण जागा झाला की राउटर शोधणं, पासवर्ड पटवणं, आयपी पत्ता मागणं यात पाच सेकंद सहज जातात, सरासरी ८० मिलिअँपने. दर १५ मिनिटांनी म्हणजे दिवसाला जवळजवळ ११ एमएएच, आणि झोपेचे अर्ध्यापेक्षाही कमी. इथे जागेपणीची बाजू वीसपट जड आहे, म्हणून पायरी ६ आधी. आयपी पत्ता कायमचा ठरवून द्या. राउटरचा चॅनेल आणि त्याचा बीएसएसआयडी (राउटरच्या रेडिओचा पत्ता) आरटीसी मेमरीत, म्हणजे गाढ झोपेतही टिकणाऱ्या मेमरीत, जपून ठेवा, म्हणजे शोधाशोध वाचते. दोन्ही टोकांना ईएसपी असेल तर राउटर वगळून थेट बोलणारी ईएसपी-नाऊ पद्धत वापरा. एका वेळी २५० बाइट जातात, तापमानाला ते रग्गड झाले. आणि नोडएमसीयूसारखा अख्खा बोर्ड सेलवर लावू नका. त्याच्यावर तोच १११७ बसलेला असतो, सोबत यूएसबीची चिप.

लोरा म्हणजे कमी विजेत लांबवर पोचणारी रेडिओ पद्धत. तिचा रेडिओ एसएक्स१२७६ झोपेत ०.२ मायक्रोअँप घेतो, पण पूर्ण जोर लावून, म्हणजे २० डीबीएमला (डीबीएम हे प्रक्षेपणाच्या ताकदीचं एकक), १२० मिलिअँप. १३ डीबीएमला २९. स्प्रेडिंग फॅक्टर (तो वाढवला की पल्ला वाढतो, पण संदेश हळू जातो) ७ असेल तर छोटा संदेश साठएक मिलिसेकंदांत जातो, १२ असेल तर एक सेकंदाच्या वर लागतो. पल्ला जेवढा हवा तेवढाच फॅक्टर ठेवा. भारतात यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे. युरोपसाठी लिहिलेली ८६८ची तयार उदाहरणं जशीच्या तशी चढवू नका.

चाळीत लावण्याआधी

एक परीक्षा टेबलावर घ्याच: रिसीव्हर बंद करा आणि नोंदक काय करतो ते दोन तास पाहा. गावात वीज जाते, रिसीव्हर झोपतो, आणि इकडे नोंदक पोच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. प्रोग्रॅममध्ये पोच येईपर्यंत फिरत राहणारं लूप असेल तर एका रात्रीच्या लोडशेडिंगमध्ये कित्येक महिन्यांची बचत उडते. तीन प्रयत्न करा, नाही गेलं तर वाचन मेमरीत ठेवा आणि झोपा. पुढच्या वेळी जुनं-नवं एकत्र पाठवा. सलग चारदा अपयश आलं तर १५ मिनिटांचा वेळ तासावर न्या, पोच आली की परत १५वर आणा. प्रत्येक संदेशात सेलचं व्होल्टेज आणि फसलेल्या प्रयत्नांचा आकडाही घाला. रिसीव्हरवर ३.६ व्होल्टच्या खाली इशारा लावला, म्हणजे दर सेलला १.२, तर नवे सेल आणून ठेवायला पुरेसा अवधी हातात राहतो.